हरणीचं नाक

परवा सकाळी पडदा सरकवला तर समोरचा समुद्र दिसेना. मरीन परेडच्या आमच्या चौदाव्या मजल्यावरून एरवी नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात. पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा पहिल्या दिवशी ती मोजायला बसतो आणि चाळिसाच्या आसपास कंटाळतो. परवा जहाजं नव्हती, पाणी नव्हतं, किनाऱ्यावरची झाडंही जेमतेम होती. बाकी सगळा करडा, पिवळसर धूर आणि ओली लाकडं चुलीत कोंबल्यावर येतो तसा वास. हेझ आला होता.

सिंगापूरला ऋतू असे नाहीतच. बारा महिने तोच घाम, तीच दुपारची सर. त्यामुळे हेझ हाच आमच्या वाट्याचा ऋतू असं मी धरून चालतो. दरवर्षी येत नाही, पण आला की बहुतेक सप्टेंबरात. तिकडे सुमात्रात रानं पेटतात, वारा फिरतो आणि इकडे लिफ्टमध्ये लोक एकमेकांना हवेचा आकडा विचारायला लागतात, आपण मॅचचा स्कोअर विचारतो तसा. फार्मसीतले मास्क दुपारपर्यंत संपतात. दोन हजार पंधरा साली तर तो असा मुक्काम ठोकून बसला होता की एक दिवस शाळासुद्धा बंद ठेवल्या होत्या. त्यानंतर चार वर्षं तसा फिरकला नव्हता आणि मला ते बरं वाटत होतं. माझं त्या ऋतूशी एक जुनं वाकडं आहे. त्यात चूक ऋतूची नाही, माझी आहे.

संध्याकाळी आईचा धनकवडीहून फोन आला. तिने टीव्हीवर बातमी पाहिली होती.

"धूर आलाय ना रे तिकडे? ईराला उगाच बाहेर सोडू नका. आणि हरणीच्या गळ्यात कापूर-ओव्याची पोटली बांध. मागच्या वेळी मी बांधली होती बघ. एक शिंक आली नव्हती तिला."

"हो," मी म्हटलं.

"हो काय? बांध नक्की. मुकं जनावर आहे, ते सांगणार आहे का नाक चोंदलंय म्हणून?"

फोन ठेवला. हरणी बाल्कनीच्या काचेपाशी फरशीवर पोट टेकून पडली होती. आमची बीगल, आता सहा वर्षांची. तोंडावर पांढरे केस आलेत आणि पोट सुटलंय. मी पोटली बांधणार नव्हतो. कापूर कुत्र्यांना चांगला नसतो असं डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं. पण आईला मी ते चार वर्षांत कधी सांगितलं नाही. कारण ते सांगायला गेलो असतो तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

हरणीचं खरं नाव हार्मनी. ते डेसमंड अंकलनी ठेवलेलं. आईने पहिल्याच दिवशी तिची हरणी केली आणि मग तेच राहिलं. डेसमंड अंकल हे यिशुनच्या पलीकडे एका जुन्या बैठ्या घरात एकटे राहणारे युरेशियन गृहस्थ. तेव्हा शहात्तर वर्षांचे होते, गुडघे कामातून गेलेले, आवाज मात्र खणखणीत. त्यांचे वडील इंग्रजांच्या काळात आरमारी तळावरच्या एका अधिकाऱ्याची कुत्री सांभाळायचे. तो अधिकारी हौशी. त्याने विलायतेहून सशांच्या शिकारीची बीगल आणली होती आणि इथे ससे नाहीत हे त्याला बहुधा बोटीतून उतरल्यावर कळलं. पुढे तो मायदेशी गेला आणि कुत्री अंकलच्या वडिलांकडे ठेवून गेला. वडिलांनी ती वाढवली. वडिलांनंतर अंकलनी. बाहेरचं एकही कुत्रं न आणता, दोन-तीन घरांत मिळून, साठ वर्षांच्या वर तो वंश त्यांनी चालू ठेवला.

त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याची एक वही होती. तिच्यात प्रत्येक पिल्लाची आई, बाप, आजा, पणजा. रंग कुठेही लिहिलेला नसे. कान लांब की आखूड, पायांवर पांढरं किती, याच्याशी अंकलना काही कर्तव्य नव्हतं. कॅलेंडरवर शोभणाऱ्या बीगलांना ते 'सोफा डॉग' म्हणायचे. वहीत दोनच गोष्टींची नोंद व्हायची, नाक आणि गळा. माग काढता येतो का, आणि माग सापडल्यावर ती सांगते का.

ससे नसलेल्या देशात सशाचा माग काढायला शिकवायची त्यांच्या वडिलांनी काढलेली एक रीत होती. मागच्या अंगणात खुराड्यात दोन ससे असायचे. त्यांना कोणी कधी दुखवलं नाही. गाजरं खाऊन खाऊन दोघेही गलेलठ्ठ झाले होते आणि शिकारी कुत्र्यांच्या घरातले सगळ्यात निवांत जीव तेच होते. त्यांच्या खालचं गवत एका गोणपाटात भरायचं, गोणपाटाला दोरी बांधायची आणि यिशुनच्या मोकळ्या माळावर ते फरफटत न्यायचं. आधी सरळ, मग एकदम काटकोनात, मग पावसाच्या पाण्याचं काँक्रीटचं गटार ओलांडून पलीकडे. शेवटी झुडपात गोणपाट टाकून द्यायचं. एक तास थांबायचं. मग लांब दोरी लावून कुत्रं सोडायचं.

दोन वर्षांची झाली की प्रत्येक कुत्रीला ही परीक्षा एकदाच. सापडलं तर पिल्लं होणार, नाही सापडलं तर नाही. दुसरी संधी नाही, वशिला नाही. "ससा दुसरी संधी देतो का?" असं अंकल विचारायचे. साठ वर्षं वंश टिकला तो या नियमामुळे टिकला, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि त्यांची कुत्री पाहिल्यावर ते खोटं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

पण घरं कमी होत गेली. जुनी वस्ती मोडून लोक सरकारी फ्लॅटमध्ये गेले. फ्लॅटमध्ये कुठली कुत्री चालतात त्याची एक यादी असते आणि बीगल त्या यादीत नाही. एकेक मित्र नवीन घराची किल्ली घ्यायचा आणि कुत्रं अंकलच्या दारात आणून बांधायचा. दोन हजार तेरा साली त्यांनी शेवटची तीन पिल्लं दिली तेव्हा त्यांना फक्त कॉन्डोवाले, म्हणजे आमच्यासारखे खासगी सोसायटीत राहणारे, किंवा बंगलेवाले हवे होते. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या ओळखीने आम्ही गेलो. ईरा तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला कुत्रं हवं होतं. एवढंच आमचं कारण.

अंकलनी माझी मुलाखत घेतली. नोकरी काय, कामाचा पास कुठला, हे काही विचारलं नाही. "यू वॉक ऑर नॉट?" म्हणाले. मी चालतो म्हटलं. "दोन वर्षं नसबंदीचं ऑपरेशन नाही करायचं. दर रविवारी इथे आणायचं. परीक्षेला आणायचं. कॅन?" मी म्हटलं, कॅन. हिंजवडीतल्या प्रोजेक्टला हो म्हणावं तितक्या सहज म्हटलं.

त्या दोन वर्षांतले रविवार मला आजही उचलून दाखवता येतील. कमरेइतकं लालांग गवत, त्याची पाती पोटऱ्यांना लागून उठणारी खाज, बुटात शिरलेलं पाणी, दूर एमआरटीचा पूल आणि त्यावरून जाणारी रिकामी गाडी. अंकल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून सूचना करायचे. हरणी आधी नुसतीच फुलपाखरांमागे धावायची. मग सहाव्या महिन्यात एका रविवारी तिचं नाक जमिनीला असं चिकटलं की ती बाकी सगळं विसरली. शेपटी उभी, पाठ ताठ. आणि एकदम तिने गळा सोडला.

बीगलचा तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. ते भुंकणं नव्हे. लांब हेल काढून, मान वर करून मारलेली हाक असते ती. गावाकडे बांधावरून पलीकडच्या शेतातल्या माणसाला बोलावतात, तशी. माझ्या अंगावर काटा आला होता. अंकल खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत म्हणाले, "तिची पणजी. सेम व्हॉइस. माझ्या वडिलांनी ऐकलेला." मग त्यांनी चष्मा पुसला.

पण तोच आवाज मरीन परेडला चौदाव्या मजल्यावर कोणाला हवा होता? खालून चिकन राइसचा डबा घेऊन कोणी गेलं की हरणी बाल्कनीतून पणजीची हाक मारायची. कॉन्डोच्या व्यवस्थापनाचं पहिलं पत्र सौम्य होतं. दुसरं नव्हतं. घरमालकीण बाईंनी फोन करून विचारलं की नोव्हेंबरात भाडेकरार नव्याने करताना कुत्र्याचं काय ठरवलंय. त्याच वर्षी माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं नूतनीकरण होतं. बायकोची, मृणालची, नोकरी नवीन होती. एका कुत्रीमुळे ही दशा, तर सहा पिल्लं झाल्यावर काय, असा विचार मी दिवसातून दहादा करायचो. पिल्लं आईजवळ, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात, दोन महिने राहणार. सात गळे. मी कोणाशी बोललो नाही. डोक्यात हिशेब मांडून मोकळा झालो.

त्या सप्टेंबरात आई गणपतीला आली होती. मूर्ती, मोदकाचा साचा आणि ओव्याची पुडी तिने सामानातूनच आणली. पुड्या बांधून ठेवायची तिची जुनी खोड. एका रविवारी तीही आमच्याबरोबर यिशुनला आली. अंकलनी वही काढली. आईला इंग्रजी जेमतेम, अंकलना मराठी शून्य. ईरा मध्ये बसून दुभाष्याचं काम करत होती. वंशावळ म्हटल्यावर आई सरसावली. सोयरिकी जुळवण्यात तिची उभी हयात गेलेली.

"मुलगा कोण?" तिने विचारलं.

मुलगा म्हणजे सेलर. नऊ वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, अंकलच्या पायापाशी घोरत पडलेला. या वंशातला उरलेला एकमेव नर. हरणीची एक बहीण अपघातात गेली होती, दुसरीच्या मालकांनी न विचारता ऑपरेशन करून टाकलं होतं. म्हणजे एक म्हातारा आणि एक हरणी. तिचा माज ऑक्टोबरात यायचा होता. त्यापुढचा येईपर्यंत सेलर असेलच, याची अंकलना खात्री नव्हती. म्हणून परीक्षा सप्टेंबरातच.

"गोत्र विचार गं," आई ईराला म्हणाली.

ईराने विचारलं, "अंकल, सेम फॅमिली ऑर नॉट?"

"ग्रँडफादर सेम," अंकल म्हणाले.

"म्हणजे चुलत भावंडं! हे कसलं लग्न?" आई हबकली. मग सेलरकडे बघून म्हणाली, "शिवाय मुलाचं वय बघा." अंकलना ईराने ते सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना त्यांनी आईला अंगणातली दोन केळफुलं दिली. आई मला टॅक्सीत म्हणाली, "भला माणूस आहे. एकटा आहे. त्याचं काम झालं पाहिजे हो."

हे तिने मनावर घेतलं होतं, हे मला नंतर कळलं.

परीक्षेच्या रविवारी हेझ भयंकर होता. मृणाल म्हणाली, पुढे ढकला. मी फोन केला तर अंकल म्हणाले, सत्त्याण्णव सालच्या धुरात त्यांच्या कुत्रीने दोन तासांचा माग काढला होता, धुराने नाक जात नाही, या. ईराला खोकला होता म्हणून तिला घरी ठेवलं, ती रडली. मी हरणीला घेऊन कुत्री नेणाऱ्या टॅक्सीत बसलो. दार बंद झालं तसा ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "वाह, मिंट आह? गुड लाह, धिस वेदर."

मी मास्क खाली केला. गाडीभर कापूर. हरणीच्या पट्ट्याखाली हात घातला तर आईच्या जुन्या साडीच्या काठात शिवलेली पोटली. तेवढ्याने भागलं नव्हतं. तिच्या छातीवर, गळ्याच्या लोंबत्या कातडीवर, नाकाच्या अगदी वरच्या लवेवर कापूर-तेल चोळलेलं होतं. माझ्या लहानपणी सर्दी झाली की आई मला असंच माखायची. परीक्षेच्या दिवशी तर हमखास. डोकं मोकळं राहतं म्हणायची. तिने नातीसारख्या कुत्रीचं नाक मोकळं केलं होतं. मुलगी दाखवायला न्यायची तर तिला नीट तयार करून पाठवायची, इतकी साधी गोष्ट.

मी पोटली काढून खिशात घातली. वास गेला नाही. हरणी सारखी नाकावर पंजा घासत होती. मला काही कुत्र्यांच्या नाकाचं शास्त्र येत नाही, पण या वासात तिला दुसरं काही हुंगता येणार नाही, एवढं कळायला ते येऊही लागत नाही. गाडी तेव्हा तोआ पायोपर्यंतच आली होती. फोन हातात होता. "अंकल, असं असं झालंय, आठ दिवसांनी येतो," एवढं एक वाक्य. आठवड्याने काही बिघडत नव्हतं. यिशुन येईपर्यंत मी ते वाक्य बोललो नाही. मी ठरवून गप्प बसलो असंही म्हणवत नाही, पण दर सिग्नलला मला आठवत होतं आणि दर सिग्नलला मी खिडकीबाहेर बघत होतो.

माळावर अंकल मास्क लावून बसले होते. मीही मास्क वर घेतला. त्यामुळे त्यांना काहीच वास आला नाही. त्यांनी नियमाप्रमाणे आधी सेलरला सोडलं, माग नीट पडलाय का ते बघायला. तो म्हातारा, एका डोळ्याने आंधळा, धापा टाकत, पण काटकोनात वळला, गटार उतरला, चढला आणि धुरात कुठेतरी दिसेनासा होऊन त्याने फाटक्या आवाजात हाक दिली. अंकलनी एका शेजाऱ्याकडून दुसऱ्या बाजूने नवा माग पाडून घेतला होता तो हरणीचा.

हरणी दहा पावलं गेली. थांबली. नाक पुसलं. गोल फिरली. माझ्याकडे आली, पायाशी बसली, परत गेली. काटकोनाशी ती सरळ पुढे निघून गेली आणि मग गवतात उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली. बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरीसारखी. एकदाही ओरडली नाही. अंकलनी अर्धा तास वाट पाहिली. नियमात पंधरा मिनिटं होती.

"ओके," ते म्हणाले. "फिनिश."

मी म्हणालो, "हेझमुळे असेल."

"सेलरने काढला," अंकल म्हणाले. "नो नोज. नोबडीज फॉल्ट." मग त्यांनी खाली वाकून हरणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले की आता ऑपरेशन करून घे, तब्येतीला चांगलं असतं, आणि दर रविवारी यायचीही आता गरज नाही.

परतीच्या गाडीत मला हायसं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण तेच वाटलं होतं. लाज नंतर आली.

आईला मी सांगितलं, जमलं नाही. ती हळहळली. "माझी पोटली होती म्हणून निदान सर्दी तरी झाली नाही," म्हणाली. डिसेंबरात हरणीचं ऑपरेशन झालं. भाडेकरार झाला, पास मिळाला. पुढच्या वर्षी सेलर गेला. अंकलचं घर गेलं आणि ते वुडलँड्सला भाचीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. दोनदा भेटून आलो. मग ख्रिसमसला मेसेज. मग तेही तिकडूनच.

परवा आईचा फोन झाल्यावर ईरा खोलीतून बाहेर आली. आता तेरा वर्षांची आहे. हरणीने तिच्या मोज्यांतला एक पळवला होता आणि तो नेमका सोफ्याच्या कोणत्या बाजूला लपवला हे स्वतःच विसरून ती शोधत होती.

"शी इज सो ब्लर," ईरा म्हणाली. ब्लर म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत वेंधळी. "बट नेव्हर माइंड लाह, यू कॅनॉट हेल्प इट, हरणी. यू गॉट नो नोज."

ती हे प्रेमानेच म्हणाली. चार वर्षं म्हणत आली आहे. आमच्या घरात ती एक ठरलेली थट्टा झाली आहे, आणि मीही तिच्यात हसत आलोय. परवा मला हसता आलं नाही. मी ईराला बसवलं आणि टॅक्सीतला वास, पोटली, मास्क, सगळं सांगितलं.  शेवटी तिने एकच विचारलं आणि ते मराठीत विचारलं.

"बाबा, अंकलना माहितीये?"

"नाही."

"मग सांगायला पाहिजे."

रविवारी धूर थोडा ओसरला होता. मी, ईरा आणि हरणी, आम्ही तिघं वुडलँड्सला गेलो. ईराने वर्गमैत्रिणीच्या सशाच्या पिंजऱ्यातलं गवत एका पिशवीत भरून घेतलं होतं. ही कल्पना तिची होती. मला ती आवडली नव्हती, पण नाही म्हणायचा हक्क मी गमावून बसलो होतो. अंकल ब्लॉकच्या खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, व्हीलचेअरवर बसले होते. खूप बारीक झालेत. हरणीने त्यांना ओळखलं की त्यांच्या हातातल्या बिस्किटाला, कळलं नाही.

मी सांगितलं. इंग्रजीत सांगायला सोपं गेलं, परक्या भाषेत माणूस स्वतःचं असं थोडं लांबून बोलू शकतो. अंकल ऐकत होते. त्यांचा हात हरणीच्या कानावर होता.

"तुला पिल्लं नको होती," ते शेवटी म्हणाले.

"नको होती. कॉन्डोतून पत्रं आली होती. माझ्या स्वयंपाकघरात सहा पिल्लं..."

"तुझ्या?" त्यांनी मान वर केली. "हू सेड युअर किचन? प्रत्येक वेळी माझं किचन. माझ्या आईच्या काळापासून. सगळी पिल्लं माझ्या चुलीजवळ झाली. पिल्लांची आई पण तिथेच राहायची, दोन महिने. तू कधी विचारलंस?"

मी कधी विचारलं नव्हतं. दोन वर्षं दर रविवारी त्या घरी चहा प्यायलो होतो, आणि हा एक प्रश्न विचारला नव्हता. खरंच विचारला नव्हता, की उत्तर सोयीचं निघालं तर सबब उरणार नाही या भीतीने विचारला नव्हता, हे आता माझं मलाही सांगता येत नाही.

ईराने पिशवी पुढे केली. अंकलनी ती उघडून हुंगली आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जुनं काहीतरी आलं. "बॅग कॅनॉट. कापडात बांध. तू नको," ते मला म्हणाले, "तुझा वास तिला माहीत आहे. मुलीचाही माहीत आहे." मग त्यांची भाची ते गाठोडं ओढत ब्लॉकसमोरच्या मैदानात गेली. सरळ, मग काटकोनात, मग फुटपाथ ओलांडून पलीकडच्या कुंपणापाशी. एक तास आम्ही बसून राहिलो. 

मग मी हरणीला लांब दोरी लावली. आणि उभ्या जन्मात केली नव्हती इतक्या मनापासून मी देवाची प्रार्थना केली की हिला सापडू नये. सहा वर्षांची आहे, लठ्ठ आहे, चार वर्षं सोफ्यावर लोळली आहे, बघ, नाहीच जमत हिला, तेव्हाही जमलं नसतं. एवढं झालं असतं तरी मला पुरलं असतं.

हरणीने नाक खाली घातलं. पोट हलवत, कान गवतात लोळवत ती निघाली. काटकोनाशी तिने पावलंसुद्धा कमी केली नाहीत, वळली. फुटपाथवर एक क्षण चुकली, मागे आली, परत धरला. दोरी माझ्या हातातून सुटली. कुंपणापाशी तिने मान वर केली आणि गळा सोडला.

वरच्या मजल्यांवर कठड्यापाशी माणसं आली. कोणीतरी फोन काढला. हरणी ओरडतच होती, लांब, मोकळ्या गळ्याने, चौदाव्या मजल्यावर कधी ओरडली नव्हती अशी. ईरा रडत होती. अंकल डोळे मिटून ऐकत होते. आवाज थांबल्यावर त्यांनी ईराला जवळ बोलावलं.

"तुझ्या आजीला हे कधी सांगू नकोस," ते म्हणाले. "शी डिड इट फॉर लव्ह. तिची काही चूक नाही."

मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. त्यांना माझ्याबद्दलही काही म्हणायचं असेल, असं वाटलं. मग मैदान ओलांडून हरणीला आणायला गेलो.